सीरियातल्या परदेशी तुकड्या आणि बैअतचा घोळ

डिसेंबर 2024 मध्ये असद राजवट कोसळली आणि नव्या सरकारने लष्करी पदांची पहिली यादी काढली. तीत उइगुर (चीनच्या शिनजियांगमधले मुसलमान), जॉर्डनी आणि तुर्की माणसं होती. दमास्कसमध्ये अनेकांनी भुवया उंचावल्या. पण ही माणसं काही रातोरात आली नव्हती.

वाट जुनीच, फक्त दिशा उलटी. 2003 नंतर अमेरिकेशी लढायला निघालेले तरुण सीरियामार्गे इराकमध्ये शिरत. 2007 मध्ये उत्तर इराकातल्या सिंजारजवळ अमेरिकी फौजेच्या हाती लागलेल्या सुमारे 700 नोंदींत त्यांचे गाव-पत्ते सापडतात. 2011 नंतर सीरियाच पेटला आणि लोंढा तुर्कस्तानातून, हाताय आणि किलिसच्या सीमेवरून, आत येऊ लागला. डिसेंबर 2015 पर्यंत इराक-सीरियात गेलेल्यांचा सूफान ग्रुप या अभ्यास संस्थेचा अंदाज होता 27 ते 31 हजार, देश 86.

परदेशी लोकांच्या वेगळ्या तुकड्या का झाल्या? विचारसरणी हे उत्तर अर्धंच आहे. पहिली अडचण भाषेची. रशियन बोलणाऱ्या चेचेन माणसाला अरबी हुकूम कळत नाही, आणि गोळीबारात दुभाषा शोधायला सवड नसते. म्हणून अलेप्पोत 2012 मध्ये ‘कतिबत अल-मुहाजिरीन’ उभी राहिली. प्रमुख होता तारखान बातिराश्विली ऊर्फ उमर अल-शिशानी, जॉर्जियातल्या पांकिसी खोऱ्यातला आणि तिथल्याच लष्करात तयार झालेला. मार्च 2013 मध्ये काही सीरियन गट मिसळले आणि नाव झालं ‘जैश अल-मुहाजिरीन वल-अन्सार’. मुहाजिर म्हणजे घरदार सोडून आलेले, अन्सार म्हणजे त्यांना आसरा देणारे यजमान.

अलेप्पोजवळच्या मिनाघ लष्करी विमानतळाच्या वेढ्यात या तुकडीचा उपयोग नेमका दिसतो. स्थानिक गट महिनोन् महिने तळाबाहेर अडकून पडले होते. ऑगस्ट 2013 मध्ये आत्मघाती चालकाने स्फोटकांनी भरलेलं वाहन आत घातलं आणि तळ पडला. मुहाजिर धडक मारायचे. गाव सांभाळायचं, पाणी-पाव पुरवायचा हे काम गावकऱ्यांच्याच गळ्यात. कुरबुर तिथूनच सुरू झाली.

खरा घोळ मात्र बैअतचा, म्हणजे निष्ठेच्या शपथेचा. उमरने ती इसिसच्या म्होरक्याला, बगदादीला, दिली आणि 2013 च्या अखेरीस तो इसिसमध्ये गेला. उरलेल्यांतल्या अनेक चेचेनांनी आधीच कॉकेशस अमिरातीच्या, म्हणजे रशियाच्या कॉकेशस भागातल्या बंडखोर संघटनेच्या, डोकू उमारोवला शपथ दिलेली. एक मोडल्याशिवाय दुसरी कशी देणार? त्यांनी सलाहुद्दीन शिशानीला नेता केलं. जानेवारी 2014 मध्ये सीरियन बंडखोर इसिसवर उलटले तेव्हा हे लोक तटस्थ राहिले. अशी तटस्थता कुणालाच रुचत नाही. सप्टेंबर 2015 मध्ये जैशने नुस्राला, म्हणजे अल-कायदाच्या सीरियन शाखेला, बैअत दिली. सलाहुद्दीनची माणसं तोवर वेगळी झाली होती.

कोण कुणाचा, हा प्रश्न इसिसने कागदावर सोडवला. सीमेवरच्या अर्जात 23 रकाने: टोपणनाव, रक्तगट, शिक्षण, ओळख कोणी दिली, आणि लढणार की आत्मघाती होणार. 2016 मध्ये फुटलेल्या या अर्जांत आत्मघाती काम मागणारे साधारण 12 टक्के; सिंजारच्या नोंदींत, ज्यांनी काम लिहिलंय त्यांच्यात, हेच प्रमाण निम्म्याहून जास्त. लोक आता मरायला कमी, वसायला जास्त येत होते. मे 2014 मध्ये कल्याणहून जे चार तरुण गेले, तेही याच लाटेतले.

असदच्या बाजूनेही परदेशी होतेच: लेबनॉनचा हिजबुल्ला, अफगाण शियांची फातिमियून, पाकिस्तानी झैनबियून. त्यांची सूत्रं तेहरानकडे असल्यामुळे शपथांचे असे तंटे तिकडे दिसत नाहीत.

वायव्य सीरियातल्या इदलिबमध्ये नुस्राचीच पुढे 2017 मध्ये हयात तहरीर अल-शाम झाली; 2024 मध्ये असदला पाडण्यात हीच पुढे होती. तिने परदेशी तुकड्यांपुढे साधी अट ठेवली: राहा, पण हुकूम आमचा. ऐकलं नाही त्यांची पकडापकड झाली किंवा त्यांना लढाईतली ठाणी सोडावी लागली. तुर्किस्तान इस्लामिक पार्टीच्या उइगुरांनी ऐकलं. जून 2025 मध्ये अमेरिकेने होकार दिलेल्या योजनेनुसार सुमारे 3,500 परदेशी, बहुतांश उइगुर, सीरियन लष्कराच्या नव्या 84व्या डिव्हिजनमध्ये जायचे होते. बीजिंगला ते अजिबात पसंत नाही.