सच्छिद्र तरंगत्या संरचना व लाटा

पाण्यावर तरंगणारी, साखळदंडांनी तळाशी जखडलेली आणि अंगात भोके, फटी किंवा पोकळ्या असलेली रचना लाटेच्या वाटेत आली, की लाटेच्या ऊर्जेचे तीन वाटे पडतात. काही ऊर्जा माघारी फिरते (परावर्तन), काही रचनेतून वा तिच्या बुडाखालून पलीकडे जाते (पारगमन) आणि उरलेली भोकांतल्या घर्षणात व भोवऱ्यांत जिरते (क्षय). रचना स्वतः डोलून नव्या लाटाही उठवते. तरंगते लाटारोधक व मत्स्यपालनाचे जाळीदार पिंजरे ही परिचित उदाहरणे होत.

तरंगत्या लाटारोधकाची सुरुवात सामान्यतः इंग्लंडमधील प्लिमथ बंदराशी व १८११ या सालाशी जोडतात. काही लेखनात तो तेथे उभारल्याचेही सांगितलेले आढळते. ब्रिटिश नौदल अभियंते सॅम्युएल बेंथम यांनी त्या सुमारास लाकडी तरंगत्या चौकटींची योजना सुचवली होती, एवढे मान्य करता येते. मात्र प्लिमथला १८१२ पासून प्रत्यक्षात उभा राहू लागला तो जॉन रेनी यांचा दगडी बांध. म्हणून १८११ हे वर्ष कल्पनेचे मानावे, बांधकामाचे नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यापुढे लावलेले ‘बॉम्बर्डन’ हे पोलादी तरंगते लाटारोधक त्याच वर्षीच्या जूनमधील वादळात तुटून विखुरले.

सच्छिद्रतेचा विचार वेगळ्या वाटेने, स्थिर बांधांतून आला. अभियंते जार्लान यांनी १९६१ च्या सुमारास बांधाच्या दर्शनी भिंतीलाच भोके ठेवण्याची कल्पना पुढे आणली. सैद्धांतिक पाया डार्सी यांच्या १८५६ च्या नियमाचा : छिद्रांतून जाणाऱ्या पाण्याचा वेग दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या प्रमाणात असतो. च्वांग यांनी १९८३ मध्ये हाच संबंध पातळ सच्छिद्र पत्र्याला लावला. मोठ्या भोकांत रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने हा नियम तेथे तोकडा पडतो; सॉलिट व क्रॉस यांची १९७२ ची सममूल्य-ऊर्जा रीत (खऱ्या रोधाऐवजी तेवढीच ऊर्जा जिरवणारा, वेगाच्या प्रमाणातला रोध धरण्याची) तेथे अधिक उपयोगी पडते.

या सिद्धांताचा एक निष्कर्ष फार सुंदर आहे. तळापर्यंत पोचणारी, न हलणारी, पातळ व केवळ घर्षणाने रोध करणारी भिंत घेतली, तर भोके फार बारीक असताना लाट जवळजवळ सगळी परतते आणि फार मोठी असताना सगळी पार होते. दोन्हीकडे क्षय नगण्य. मधल्या एका सच्छिद्रतेला परतणाऱ्या व पार होणाऱ्या लाटेची उंची मूळ लाटेच्या निम्मी होते. म्हणजे पाव ऊर्जा मागे, पाव पुढे आणि अर्धी जिरलेली. तरंगती रचना या आदर्शापासून दूर असते, कारण ती लाटेबरोबर डोलली तर भोकांतून पाणी वाहतच नाही.

बुडाची खोली (रचना पाण्यात किती खोल बुडते ती) हा दुसरा निर्णायक घटक. खोल पाण्यात १० सेकंद आवर्तकालाची (लागोपाठच्या दोन शिखरांमधील वेळ) सागरी लाट सुमारे १५६ मी. लांब असते व तिच्या ऊर्जेचा जेमतेम ८ टक्के भाग वरच्या १ मी. थरातून वाहतो. अडीच सेकंदांच्या १० मी. लांब लाटेत तोच वाटा ७० टक्क्यांवर जातो. साहजिकच उथळ बुडाचा तराफा समुद्रापेक्षा जलाशयात कितीतरी जास्त कामाचा.

मराठवाड्यात या विषयाचे महत्त्व आहे ते यामुळेच. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर सुमारे ३५० चौ. किमी. पसरतो. वारा सुटला की त्यावर दोन ते चार सेकंदांच्या आखूड लाटा उठतात व मातीच्या बांधावरील दगडी पिचिंगवर (उतारावर रचलेल्या दगडांच्या अस्तरावर) आपटत राहतात. दगड हलले की मागचा बारीक भर धुपून निघतो. सच्छिद्र तराफ्याचा नमुना गोदावरीकाठी आयताच दिसतो. नांदेडच्या संथ पात्रात जलपर्णीच्या गादीच्या कडेला पाणी चुळबुळत असते. आत हातभर गेले, की लोंबत्या मुळांत तरंग विरून पाने नुसती सावकाश वरखाली होतात. नाथसागरावर तरंगत्या सौर प्रकल्पाचाही प्रस्ताव मांडला गेला आहे, परंतु १९८६ पासूनचे पक्षी अभयारण्य व मासेमारांची जाळी तेथेच आहेत.

अशा ठिकाणी जलपर्णीने वा शेवाळाने भोके बुजली, तर रचना हळूहळू भरीव भिंतीसारखी वागू लागते, परावर्तन वाढते आणि साखळदंडांवरचा ताणही. पावसाळ्याअखेर भरलेला नाथसागर उन्हाळ्यात अनेक मीटर खाली जातो, त्यामुळे साखळीला ढील दिली तर रचना भरकटते व ताण धरला तर पाणी चढताना ती ओढली जाते. पातळीनुसार साखळीची लांबी बदलण्याची सोय येथे आराखड्यातच ठेवावी लागते.