मुठीतला चेंडू

शिकागोतल्या एका शाळेत आठ-दहा मुलं गोल करून बसली आहेत. समुपदेशक त्यांच्या जोड्या लावतो, एकाच्या हातात चेंडू देतो आणि दुसऱ्याला म्हणतो, "तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून हा काढून दाखव." लगेच झटापट सुरू होते. बोटं पिरगाळली जातात, कुणी जमिनीवर आडवं होतं. वेळ संपल्यावर समुपदेशक विचारतो, "नुसता मागितला का नाहीस?" उत्तर ठरलेलं असतं: मागून कोण देतंय? उलट मलाच भित्रा म्हणाला असता. मग चेंडू धरणाऱ्याला विचारलं जातं, "मागितला असता तर दिला असतास?" तो बहुतेक वेळा म्हणतो, "दिला असता की. साधा चेंडू तर आहे."

'बिकमिंग अ मॅन' नावाच्या कार्यक्रमातला हा खेळ. 'यूथ गाइडन्स' ही संस्था तो गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये चालवते. मुलं बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची. अमेरिकेत 15 ते 34 वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण खून हे आहे. त्यामुळे रागाच्या क्षणी पोरगा काय करतो, हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

शिकागो विद्यापीठात गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या 'क्राइम लॅब'च्या संशोधकांनी नवं औषध तपासावं तसा हा कार्यक्रम तपासला. कुणाला प्रवेश द्यायचा ते सोडतीने ठरलं आणि दोन्ही गटांचा माग ठेवला गेला. 2009-10 मधल्या पहिल्या चाचणीत 2,740 मुलं होती. कार्यक्रम चालू असताना, हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या. पुढे याच मुलांमध्ये शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही 12 ते 19 टक्क्यांनी वाढलं.

मला यातलं स्पष्टीकरण आकड्यांहून महत्त्वाचं वाटतं. या मुलांना 'मारामारी वाईट' असं कुणी शिकवलं नाही. ज्या गल्लीत एकदा मान खाली घातली की रोज लुटलं जाणार, तिथे विचार न करता उलटून उभं राहणं हे शहाणपणच आहे. मेंदू ते शिकतो आणि सवयीचं करून टाकतो, जसा सायकलचा ब्रेक आपण न ठरवता दाबतो. पंचाईत होते ती वर्गात. शिक्षक म्हणतात "खाली बस", आणि तीच सवय तिथेही उसळून येते. कार्यक्रम शिकवतो ते एवढंच, की क्षणभर थांब, आपण आत्ता कुठे आहोत ते बघ, मग ठरव.

पण सगळा भार मुलांच्याच सवयींवर टाकणं अन्यायाचं होईल. येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी 2016 मध्ये बालवाडीच्या शिक्षकांना चार मुलांचे व्हिडिओ दाखवले: एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. 'कोण खोड्या काढायला लागतंय ते बघा,' एवढीच सूचना. प्रत्यक्षात कुणीच खोडी काढत नव्हतं. शिक्षकांची नजर कुठे जाते हे यंत्र टिपत होतं, आणि ती सर्वांत जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर रेंगाळली. कृष्णवर्णीय शिक्षकांचीसुद्धा. ज्याच्यावर सतत डोळा आहे त्याची बारीकशी चूकही सापडणारच, आणि हे चार-पाच वर्षांच्या लेकरांबद्दल चाललं आहे.

ही नजर पुढे नोकरीच्या दारातही उभी असते. समाजशास्त्रज्ञ डेवा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले. तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांपैकी 17 टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, स्वच्छ नोंद असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी 14 टक्क्यांना. (सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, फरक फक्त नावाचा. 2007 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष: दलित नावांना बोलावणं कमी.)

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सुमारे 2 कोटी मुलांच्या नोंदी तपासल्या. आईवडिलांची कमाई सारखी, वस्तीही तीच, तरी 99 टक्के वस्त्यांत कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात. मुलींमध्ये अशी दरी जवळजवळ दिसत नाही. ज्या थोड्या वस्त्यांत ती मुलग्यांमध्येही कमी आहे, तिथे गरिबी कमी, गोऱ्यांमधला वर्णद्वेष कमी, आणि मुलांसोबत एकाच घरात राहणारे कृष्णवर्णीय वडील जास्त. स्वतःचेच वडील असं नव्हे. शेजारपाजारच्या वडिलांचाही आधार मुलाला मिळतो. आपल्या वाड्या-चाळींत वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शाळांच्या नोंदी सांगतात, की तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक किंवा शिक्षिका लाभली, तर अतिगरीब कृष्णवर्णीय मुलग्यांमधली शाळागळती 39 टक्क्यांनी घटते. एका वर्षाचा सहवास, आणि परिणाम थेट बारावीपर्यंत. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत मात्र शंभर शिक्षकांमागे कृष्णवर्णीय पुरुष जेमतेम एक-दोन. आपल्यासारखा दिसणारा एकही गुरुजी न भेटता एखादा मुलगा तिथे पहिली ते बारावी पार करू शकतो.