पाळी जाण्याआधीचा काळ : खानदेश

पाळी कायमची बंद होण्याआधीची काही वर्षे आणि शेवटच्या पाळीनंतरचे १२ महिने मिळून जो काळ होतो, त्याला वैद्यकशास्त्रात रजोनिवृत्तिपूर्व काळ किंवा पेरिमेनोपॉज म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात रोजच्या बोलण्यात या काळाला वेगळे नाव नाही. ‘पाळी जायला आली’, ‘वय झालं आता’ एवढ्यावर विषय मिटतो. नावच नसल्यामुळे त्यातले त्रासही सुटे सुटे राहतात. छातीत धडधडते म्हणून एक डॉक्टर, गुडघे धरतात म्हणून दुसरा, झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी. हे सगळे एकाच बाईला एकाच वर्षी होत आहे हे कोणी एका जागी मांडत नाही. ते मांडले, तर डॉक्टरांकडून मिळणारे उत्तर बरेचदा बदलते.

मुळात घडते ते असे. बीजकोशांमधली बीजे कमी होत जातात आणि दर महिन्याला बीज सुटेनासे होते. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरे हार्मोन मात्र सरळ खाली उतरत नाही. एखाद्या महिन्यात ते पूर्वीपेक्षाही वर जाते, पुढच्या महिन्यात कोसळते. त्रास होतो तो या वर-खालीमुळे. पाळी पूर्ण थांबल्यावर त्रास सुरू होतो असा समज आहे, पण अनेकींना सर्वांत वाईट दिवस पाळी चालू असतानाच येतात. म्हणूनच ‘पाळी येते ना अजून, मग ते नाही’ हे उत्तर चुकीचे आहे.

भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६ ते ४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ आहे. आपल्याकडे चाळिशी ओलांडताच खुणा दिसू लागणे यात काही वावगे नाही. ज्या घरात मुलगी विसाव्या वर्षी सासरी आली, तिथे ती या वयात स्वतः सासू झालेली असते. सुनेचे बाळंतपण, शेत, घरातले दुखणेखुपणे तिच्याच अंगावर असते आणि स्वतःसाठी दवाखान्यात जाणे सर्वांत शेवटी येते. पाळी चाळिशीच्या आतच गेली तर मात्र ती वयाची गोष्ट नव्हे. तिथे तपासण्या आणि उपचार दोन्ही लागतात, कारण इस्ट्रोजेनमुळे हाडे आणि हृदय यांना मिळणारे संरक्षण फार लवकर निघून गेलेले असते.

पहिली खूण बहुधा तारखांमध्ये दिसते. लागोपाठच्या दोन पाळ्यांमधल्या अंतरात ७ किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, तर हा काळ सुरू झाला असे धरतात. पाळी ६० दिवस किंवा त्याहून जास्त लांबू लागली की उत्तरार्ध आला. पाळी पुढे-मागे झाली तरी या काळात दिवस राहू शकतात हे पक्के लक्षात ठेवावे. ‘आता काय होणार’ म्हणून कुटुंबनियोजनाचे साधन सोडलेल्या बायकांना पंचेचाळिशीतही गर्भ राहिलेला आहे.

उन्हाळा आणि वाफा

खानदेशात एक अडचण खास इथली आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. चैत्र-वैशाखात दारोदारी कुरडया, पापडांची घाई असते आणि बाई चुलीपुढे चीक हाटत असते. तिच्या कानशिलातून वाफा निघाल्या तर त्याला कोणीच आजार म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. ‘आंगमा आग पडस, जीव घाबरस’ असे अहिराणीत सांगितले जाते आणि त्यावर कोकम किंवा सब्जाचे पाणी दिले जाते. उन्हाने तापणे आणि पाळी जाण्याआधीची वाफ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. वाफ आतून येते. छातीपासून सुरू होऊन मान, चेहरा, कपाळ असा चढत जाणारा उष्णतेचा लोट असतो. तो एक ते पाच मिनिटे टिकतो, मग दरदरून घाम सुटतो आणि शेवटी थंडी वाजते. सावलीत बसून, पंख्याखाली बसूनही ती येते. सर्वांत खरी कसोटी थंडीतली आहे. पौषात धुळ्याचा पारा १० अंशांखाली उतरलेला असताना रात्री दोन वाजता अंगावरची गोधडी फेकून, ओला झालेला ब्लाउज बदलायला उठावे लागत असेल, तर त्याचा दोष उन्हावर टाकता येत नाही.

याचे कारण मेंदूत आहे. शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र इस्ट्रोजेनच्या चढ-उतारामुळे हळवे होते आणि अंगाची उष्णता किंचित वाढली तरी ते सगळी गरमी बाहेर फेकू लागते. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे निघाला, म्हणजे निम्म्या बायकांना त्या याहूनही जास्त काळ आल्या. ‘दोन-चार महिने सोसा, जाईल’ हे सांगणे किती अपुरे आहे, ते या आकड्यावरून कळावे.

आपल्याकडच्या बायका वाफांइतक्याच, पुष्कळदा त्यांच्याहून अधिक, सांधेदुखी आणि थकव्याची तक्रार करतात. सकाळी बोटे आखडतात, टाचा ठणकतात, पिळून काढल्यासारखे अंग गळते. शब्द तोंडावर येऊन अडतो, दूध उतू जाते, पैसे कुठे ठेवले ते आठवत नाही, ‘माले काही सुचत नही’ म्हणून बाई रडकुंडीला येते. आपल्याला वेड लागतंय की काय, ही भीती कोणाजवळ बोलून दाखवणेही अवघड असते. चिडचीड आणि विनाकारण येणारे रडू यांना घरचे लोक स्वभाव म्हणतात. पूर्वी बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी मन फार खचत असे, अशा बायकांना हा काळ जास्त जड जातो. जिवाचे बरेवाईट करावे असे विचार येत असतील तर थांबू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

अंगावरून जास्त जाणे

या काळातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याचा त्रास हा. प्रोजेस्टेरॉन नसल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि मग एकदम सुटते. तासा-दोन तासाला पॅड किंवा घडी बदलावी लागणे, मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांपेक्षा जास्त चालणे, हे ‘जायच्या आधी असंच असतं’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे दर महिन्याला असे जात राहिले तर तिचा दम, धडधड आणि थकवा यांतले किती वयाचे आणि किती रक्त कमी असल्याचे, हे तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तिथे हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलची तपासणी झालेली आहे का, हे विचारणे गरजेचे आहे.

आणि एक गोष्ट कधीही पुढे ढकलू नये. पाळी १२ महिने बंद राहून पुन्हा रक्ताचा नुसता डाग जरी दिसला, तरी ती पाळी ‘परत आली’ असे समजू नये. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असाच सुरू होऊ शकतो आणि लवकर सापडला तर बरा होतो.

डॉक्टरांपुढे

ओपीडीत बाईचा नंबर लागतो तेव्हा खोलीत नवरा असतो, कधी मुलगा किंवा सून. ‘आईंना कसंतरी होतं’ एवढे दुसराच कोणी सांगतो. डॉक्टरांना दोन मिनिटे असतात आणि ‘कसंतरी’वर ते व्हिटॅमिन आणि कॅल्शियम लिहून देतात. सलाइन लावण्याचा आग्रह घरच्यांचाही असतो. ती बाटली उतरेपर्यंत बाईला पडून राहायला मिळते, त्याने बरे वाटते आणि मूळ गोष्ट तशीच राहते. यात सगळा दोष डॉक्टरांवर ढकलणे बरोबर होणार नाही. पण ‘वय आहे, सहन करा’ हे निदान नव्हे, हे त्यांनाही कळायला हवे.

घरात भिंतीवर कालनिर्णय असते. त्यावर दुधाचा खाडा आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहिलेली असते. त्याच चौकोनात पाळीच्या पहिल्या दिवशी गोल आणि शेवटच्या दिवशी फुली करावी. वाफेसाठी टिंब, झोपमोडीसाठी रेघ. लिहिता येत नसेल तरी टिंब देता येते. तीन महिन्यांची पाने सोबत नेली, की तक्रार अशी सांगता येते: ‘माझं वय ४४. पाळी २० जूनला आली, मग एकदम ४ ऑगस्टला. अकरा दिवस गेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दर तासाला घडी बदलली, लिंबाएवढ्या गाठी पडल्या. रात्री तीनदा घामाने जाग येते. दोन दिवस निंदणीला जाता आलं नाही.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. बुडालेली मजुरी, चुलीपुढे उभे न राहता येणे, शाळेत शिकवताना मध्येच थांबावे लागणे, यावरून त्रासाचे माप कळते. मग सरळ विचारावे, ‘हे पाळी जाण्याच्या आधीचं असू शकतं का? नसेल तर कशामुळे आहे ते तपासाल का?’ सोबतच्या माणसाला ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ असे सिस्टरकडून सांगवून घेता येते.

यावर काय व्हायला हवे? ब्लडप्रेशर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, गरज वाटल्यास दिवस राहिलेत का याची चाचणी. रक्तस्राव जास्त असेल तर सोनोग्राफी, आणि वय ४५ च्या पुढे असेल तर बहुधा अस्तराचा तुकडा काढून तपासणे. थायरॉइड आणि रक्त कमी असणे यांची लक्षणे या काळाशी इतकी मिळतात की त्यांना वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. चालताना छातीवर दाब येत असेल, दुखणे जबड्यात किंवा डाव्या हातात उतरत असेल तर ईसीजी लगेच. हृदयाचे दुखणे ‘पाळीचं’ म्हणून परत पाठवणे हीही तीच चूक आहे. एफएसएच या बीजकोशांना चालना देणाऱ्या हार्मोनच्या तपासणीवर मात्र पैसे घालण्याची सहसा गरज नसते. ४५ वर्षांपुढे लक्षणांवरूनच निदान करावे असे ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण हा आकडा आठवड्या-आठवड्याला बदलतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाईचे म्हणणे खोटे ठरत नाही.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एका ठिकाणी ऐकून घेतले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. आपले केसपेपर मागितल्यावर ते ७२ तासांत मिळायला हवेत.

पिशवी

ऐकून न घेण्याचे दुसरे रूप जास्त महागात पडते. ‘पिशवी (म्हणजे गर्भाशय) खराब झाली, काढून टाका, कटकट मिटेल.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांमध्ये १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली होती. ऊसतोडीच्या टोळ्या खानदेशातूनही जातात, नंदुरबार-धुळ्याच्या तर गुजरातपर्यंत. खाडा झाला की दंड भरावा लागणाऱ्या बाईला पिशवी काढणे हा सोपा मार्ग वाटतो, आणि तो तसा वाटावा यासारखी वाईट गोष्ट नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला.

काही वेळा पिशवी काढावीच लागते: कर्करोग, पिशवीत वाढलेल्या मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव. पण त्याआधी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबी असे उपाय असतात. ते करून पाहिले का, हे विचारावे. बीजकोशही काढणार आहात का, हाही प्रश्न वेगळा विचारावा. ते काढले की पाळी जाण्याचे सगळे परिणाम सावकाश न येता काही दिवसांत कोसळतात, आणि हाडे व हृदयाला त्याची झळ बसते.

वाफा आणि झोपमोड यांवर सर्वांत परिणामकारक उपाय हार्मोनची चिकित्सा हा आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनंतर तिची सरसकट धास्ती बसली. त्या चाचणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, ही बाब मागे पडली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षे होण्याआधी सुरू केली, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ती घेऊ नये. तेव्हा हार्मोन नसलेली औषधे आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत वाफाही कमी करतात, म्हणून डॉक्टरांनी अशी गोळी लिहिली की ‘मला वेडी समजतात’ असे मानू नये. ती कशासाठी दिली, एवढे विचारून घ्यावे.

एक तक्रार चिठ्ठीवर लिहून नेली तरी तोंडातून निघत नाही. लघवीला वारंवार आग, अंगाच्या जागी कोरडेपणा, नवऱ्याजवळ जाताना दुखणे. वाफा काही वर्षांनी ओसरतात, हे मात्र आपोआप जात नाही, वाढते. त्यावर त्याच जागी लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते. त्यातले औषध रक्तात अगदी थोडे उतरते आणि काही आठवड्यांत फरक पडतो. ‘खाली कोरडं पडतं, आग होते’ एवढे चार शब्द लेडी डॉक्टरांना पुरतात.