टेन्शन येतं, देतात की घेतात? : ‘ताण’ या शब्दाची पार्श्वभूमी

मराठीत टेन्शन येतं, टेन्शन देतात आणि टेन्शन घेतातही. क्रियापद बदललं की दोषी बदलतो. आलं, तर पावसासारखं आलं, कुणाला बोल लावणार? दिलं, तर देणारा कुणीतरी आहे : साहेब, सासर, बँकेचा हप्ता. घेतलं, तर चूक घेणाऱ्याची. दवाखान्यात बीपी मोजून झाल्यावर दंडावरचा पट्टा सोडवताना डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात, ते या तिसऱ्या अर्थाने. शरीरावर ताणाचा काय परिणाम होतो, याच्या गेल्या नव्वद वर्षांतल्या संशोधनात याच तीन क्रियापदांची ओढाताण चालू आहे.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. १९३६ च्या जुलैत लंडनच्या एका विज्ञान-साप्ताहिकात माँट्रियलहून आलेलं एक छोटं टिपण छापून आलं. उंदरांना थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, शस्त्रक्रियेने इजा केली किंवा निरनिराळी औषधं मोठ्या मात्रेत टोचली, तरी चिरफाड केल्यावर चित्र एकच : मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. कारणं वेगळी, शरीराचं उत्तर एक. टिपणाच्या शीर्षकात ‘स्ट्रेस’ हा शब्द नव्हता. टिपण लिहिणाऱ्या संशोधकाने तो पुढे इंजिनिअरिंगमधून उचलला, आणि उलटा उचलला. सळईवर पडणारं बल म्हणजे स्ट्रेस, आणि त्या बलाने सळईत होणारा बदल म्हणजे स्ट्रेन. उंदरांच्या शरीरात दिसत होता तो बदल, म्हणजे स्ट्रेन. आपलं इंग्रजी तेव्हा आणखी चांगलं असतं तर दुसरा शब्द घेतला असता, अशी कबुली त्या संशोधकाने पुढे स्वतःच दिली. तोवर उशीर झाला होता. फ्रेंच आणि जर्मन भाषांनीही इंग्रजी शब्द होता तसा घेतला.

मराठीत आणखी एक गाठ बसली. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती म्हणतात. ‘ताण’ तिथे टेन्शनसाठी राखलेला आहे, पृष्ठताणातला किंवा दोरीतला. आरोग्याच्या मजकुरात मात्र स्ट्रेस, स्ट्रेन, टेन्शन, डिस्ट्रेस या सगळ्यांची विल्हेवाट एका ‘ताण’ शब्दात लावली जाते. मी काही वर्षं अशी माहितीपत्रकं मराठीत आणण्याचं काम केलं आहे. एका पानावर मूळ चार शब्द होते, खाली माझे चार ‘ताण’ उभे राहिले, आणि वाक्य वाचलं तर ताणामुळे ताण येऊन ताण वाढतो असं काहीसं झालं. तपासणाऱ्यांनी त्यावर खूण केली नाही, हे विशेष.

पण ‘ताण’ शब्दाचा एक वापर मराठीत असा आहे, जो या शास्त्राला चपखल बसतो, आणि तो दवाखान्यातला नसून बागेतला आहे. संत्रा, मोसंबी, डाळिंबाचा बहार धरायचा तर बागेला ताण देतात. पाणी तोडतात. पानं पिवळी पडून गळायला लागतात, झाडाची पालवी फेकण्याची धडपड थांबते आणि जोर फुलाकडे वळतो. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. मग हलकं पाणी देऊन ताण तोडतात. वेळेवर तोडला नाही तर फांद्या वाळतात, बाग हातची जाते. इथे ताण देणारा माहीत आहे, किती द्यायचा हे जमीन पाहून ठरतं, आणि तो तोडायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. चांगला ताण आणि वाईट ताण अशी वेगळी नावं पाश्चात्त्य पुस्तकांत १९७० च्या दशकात रुळली. बागायतदाराला हे आधीपासून कळत होतं.

शरीरातही नेमका तोडण्याचाच प्रश्न आहे. धोका दिसला की ॲड्रिनलिन काही सेकंदांत रक्तात उतरतं : नाडी जलद, तोंडाला कोरड, पोटाचं काम थांबलेलं. कॉर्टिसॉल मागाहून येतं, साधारण वीस-तीस मिनिटांत कळसाला पोचतं आणि ओसरायला लागतं. परीक्षेच्या आधी घाम फुटणं हा बिघाड नव्हे. बिघाड असतो न ओसरण्यात : रक्तातली साखर चढलेली, दाब चढलेला, झोप तुटकी, पोटावर चरबी. रोजच्या या झिजेला १९९३ मध्ये वेगळं नाव मिळालं आणि तेव्हापासून ताणाची चर्चा एका धक्क्यावरून साठत जाणाऱ्या ओझ्याकडे वळली.

ते ओझं मोजण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले आणि मला तेच सगळ्यांत पटणारे वाटतात, कारण त्यांत कुणाला ‘तुम्हाला कसं वाटतं’ एवढंच विचारून सोडून दिलेलं नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंग्लंडमध्ये ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले होते. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त होता, त्यांना सर्दी जास्त प्रमाणात झाली. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम सुट्टीत एकदा आणि परीक्षेच्या तोंडावर एकदा केली, तर परीक्षेतली भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. टाळूला काही कुणी टेन्शन घ्यायला सांगितलं नव्हतं.

मग हे टेन्शन कुणाला जास्त? बराच काळ उत्तर होतं : मोठ्या साहेबाला. १९५८ मध्ये अमेरिकेत माकडांच्या जोड्या बसवल्या. शॉक टाळायची कळ एकाच्या हाती, दुसरं नुसतं सोबत शॉक खाणारं. व्रण झाले कळ दाबणाऱ्याला. त्या माकडाला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटलं गेलं आणि जबाबदारीने माणूस मरतो ही समजूत पक्की झाली. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी घाईच्या, चुरशीच्या स्वभावाला ‘टाइप ए’ म्हटलं. माकडांच्या प्रयोगात मूळचीच खोट होती : कळ झटपट दाबणारी माकडं निवडूनच साहेबाच्या खुर्चीत बसवली होती. दहा-बारा वर्षांनी उंदरांच्या नीट आखलेल्या प्रयोगांत चित्र उलटं निघालं. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला व्रण जास्त. जठराच्या व्रणाची कहाणी तर १९८० च्या दशकात पर्थमध्ये जीवाणू सापडल्यावर बरीचशी ताणाच्या हातून निसटलीच. २००५ चं नोबेल त्यालाच.

माणसांतला पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आला. १९६७ पासून सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा पाठपुरावा झाला. सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट. सिगारेट, दाब, कोलेस्टेरॉल वजा केलं तरी दरी उरत होती. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत बायकाही होत्या. तिथे कामावर स्वतःचा ताबा किती, हा मुद्दा वर आला. टेबलावर फाइल येते, कधी येते हे हातात नाही, कधी जाते तेही नाही : शिपाई आणि कारकुनाला हे सांगायला पाहणी लागत नाही.

मधल्या काळात ताणाचं शास्त्र कुणाच्या पैशावर वाढलं, हेही सांगायला हवं. सिगारेट कंपन्यांचे जुने कागद खुले झाल्यावर कळलं की १९३६ चं टिपण लिहिणाऱ्यालाही त्यांचा पैसा मिळत होता आणि ‘टाइप ए’च्या संशोधनालाही. हृदयविकार स्वभावाने होतो म्हटलं की धूर बाजूला पडतो.

उपायांचा प्रवास जास्त गमतीचा. १९२४ मध्ये लोणावळ्यात योगाचं प्रयोगशाळेत मोजमाप करणारी संस्था सुरू झाली. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांत पोटातला दाब किती बदलतो, हे तिथले लोक यंत्र लावून पाहत होते. पन्नास वर्षांनी बोस्टनमध्ये ध्यानातून मंत्र, गुरू वगळून ‘शिथिलीकरण’ उरवलं गेलं. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका रुग्णालयातून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम निघाला. तो आता ॲप होऊन हिंजवडीत परत आला आहे. यातल्या गोष्टी खोट्या नाहीत. नाडीवर बोटं ठेवून श्वास सावकाश सोडून पाहा, सोडताना ठोके किंचित मंदावतात. रोजचं चालणं, वेळेवर झोप, मनातलं बोलायला एखादं माणूस, यांचाही गुण येतो. प्रश्न हा, की शुक्रवारी पाच वाजता कॉन्फरन्स रूममध्ये चटया अंथरून श्वास सोडायला लावायचं आणि सहा वाजता रात्रीच्या रिलीजचा मेल टाकायचा, याला काय म्हणायचं? २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ॲप, तणावमुक्तीचे वर्ग, मनाच्या लवचीकपणाची प्रशिक्षणं घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही.

२०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’वरून, म्हणजे कामाने पार गळून जाण्यावरून, जो गोंधळ झाला, तोही याच गाठीचा. बर्नआउट आता अधिकृत आजार, अशा बातम्या झाल्या. दोन दिवसांत खुलासा आला : आजार नव्हे, कामाशी संबंधित घटना. आजार ठरवला असता तर कर्मचारी रुग्ण ठरला असता आणि वैद्यकीय रजा, विमा यांवर दावा सांगता आला असता. ‘कामाशी संबंधित’ म्हटल्यावर बोट मालकाकडे जायला हवं. पण आजारच नाही म्हटल्यावर त्याला विचारणार कोण? माझ्या मते हा निर्णय दोन्हीकडून कच्चा आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निदान एका जागी क्रियापद निवडलं. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरावं, उलट सिद्ध होईपर्यंत शिक्षा करू नये, असं त्याचं ११५ वं कलम सांगतं.

तासांचा हिशोब मात्र उलट दिशेने चालला आहे. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त, असा जागतिक अंदाज २०२१ मध्ये आला. २०२३ मध्ये एका बड्या उद्योजकाने तरुणांनी ७० तास काम करावं म्हटलं. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कामाची रोजची मर्यादा दुकानं-कार्यालयांत ९ वरून १० आणि कारखान्यांत ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली; तिमाहीतला ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत. कारखान्यांत त्यासाठी कामगाराची लेखी संमती घ्यायची आहे.