क्युसेकचा हिशेब आणि सोसायटीची मीटर खोली

जुलै लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच धाटणीचा निरोप फिरू लागतो : ‘खडकवासला धरणातून मुठा नदीत अमुक हजार क्युसेकने विसर्ग सुरू. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ खाली चार-दोन नमस्काराचे हात पडतात आणि निरोप पुढच्या ग्रुपवर जातो. सतर्क राहायचे म्हणजे नेमके कोणी, किती वाजता, काय करायचे, हे मात्र गुलदस्त्यातच राहते. त्या आकड्याचा आपल्या फाटकाशी, आपल्या मीटर खोलीशी काय संबंध आहे, हे आधी काढून ठेवले नसेल तर तो आकडा नुसती बातमीच ठरतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८.३ लिटर. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे शंभर टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होत होते.

एवढे पाणी धरणात थांबवून का ठेवत नाहीत, हा दरवर्षीचा प्रश्न. उत्तर धरणांच्या आकारात आहे. पानशेत १०.६५ टीएमसीचे (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), वरसगाव १२.८२चे, टेमघर ३.७१चे आणि या तिघांच्या खाली बसलेले खडकवासला अवघे १.९७ टीएमसीचे. साखळीतले हे सर्वांत धाकटे भांडे, पण वरच्या तिन्हींचे पाणी शेवटी याच्यातूनच जाते. ३५ हजार क्युसेकने पाणी येत राहिले तर पूर्ण रिकामे खडकवासलासुद्धा साडेपंधरा तासांत काठोकाठ भरेल. आणि जुलैअखेर ते रिकामे नसतेच. भरलेल्या धरणात जितका येवा, म्हणजे आत येणारे पाणी, तितका विसर्ग, दुसरा मार्ग नाही. एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे : ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडले की एक टीएमसी होते.

धरणापासून सिंहगड रस्त्याच्या नदीकाठापर्यंतचे अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. पाणी सेकंदाला दोन मीटरने धावत असेल तर हा पल्ला दीड तासाच्या आत संपतो. निरोप आल्यापासून तुमच्या हातात असतो तो एवढाच वेळ, आणि निरोप ग्रुपवर उशिरा पडला तर तोही नाही. शिवाय धरणाच्या खाली नांदेड, धायरी, वारजे या भागांतले ओढे-नालेही त्याच नदीला येऊन मिळतात. त्यांच्यावर दार नाही, मोजमाप नाही. शहरातही मुसळधार पाऊस पडत असेल तर त्याच विसर्गाला पाणी मागच्या खेपेपेक्षा वर चढते. ‘गेल्या वर्षी तीस हजारांना काही झाले नव्हते’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

ओढ्याचा पूर ही वेगळीच जात. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या पट्ट्यात जो हाहाकार केला, त्याचा खडकवासल्याच्या विसर्गाशी संबंध नव्हता. ढग कात्रजच्या डोंगरावर आणि दक्षिण पुण्यावर कोसळला आणि वीसहून अधिक माणसे गेली. (पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले, जिथे आज सारसबाग आहे, ते याच ओढ्याच्या पाण्यावर. पूर्वी वाटेत पाण्याला थांबायला जागा होती.)

गणित सोपे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दोन तासांत १०० मिलिमीटर पडला तर एका चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर पाणी जमते. मोकळ्या मातीत त्यातले बरेच मुरते. डांबर, पेव्हर ब्लॉक आणि पत्र्यांवरून जवळजवळ सगळेच्या सगळे वाहते, आणि तेही लगेच. चौरस किलोमीटरमागे सुमारे ४९० क्युसेक! त्यात रस्त्याखालच्या मोरीला गादी, झावळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळा बसला की पाणी वरच्या अंगाला तुंबते, आणि बोळा किंवा भिंत सुटली की एकदम लोंढा येतो. ओढ्याकाठी राहणाऱ्याने म्हणून वाढत्या पाण्याइतकेच अचानक ओसरलेल्या पाण्याकडेही लक्ष ठेवावे. पाऊस चालू असताना ओढा उतरला, तर वर कुठेतरी तो अडला आहे असे समजावे.

हवामान खात्याचे शब्दही नीट वाचायला हवेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात. पण सत्तर मिलिमीटर दिवसभर रिपरिपत पडला तर पुणेकर छत्री घेऊन मंडईत जाऊन येतो. तोच तासाभरात पडला तर ओढा रस्त्यावर असतो. दिवसाच्या आकड्यात ही तीव्रता दिसत नाही. गच्चीवर सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा ठेवून दर अर्ध्या तासाने पट्टीने पाणी मोजले, तरी शेजारच्या ओढ्याबद्दल बातम्यांपेक्षा आधी कळते. अर्ध्या तासात तीन सेंटिमीटर भरले तर तळमजला आणि पार्किंग हलवायला लागावे.

पूररेषांबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची. याचा अर्थ यंदा पूर आला म्हणजे पुढची शंभर वर्षे सुटलो, असा नाही. लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. तीस वर्षे त्या घरात राहिलात तर ती २६ टक्क्यांवर जाते, आणि निळ्या रेषेसाठी तीच ७१ टक्के होते. एवढी शक्यता असेल तर फ्लॅट घेताना प्रश्न विचारायलाच हवा.

पाणी आत येण्याआधी

सर्वांत आधी वीज. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटर खोली तळमजल्यावर, पार्किंगच्या कोपऱ्यात असते, म्हणजे पाणी जिथे पहिल्यांदा येते तिथेच. २०२४च्या त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवायला गेलेले तिघे विजेच्या धक्क्याने गेले. पुराच्या पाण्याइतकेच त्यात उतरलेल्या विजेचे भय धरायला हवे, आणि ही वीज डोळ्यांना दिसत नाही.

अनेकांना वाटते, शॉर्ट झाले की एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, पडतोच. तो सोळा-वीस अँपिअरला पडण्यासाठी बनवलेला असतो. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकते. म्हणजे एमसीबी शांत बसलेला असताना माणूस जाऊ शकतो. गळतीचा प्रवाह ओळखून ३० मिलिअँपिअरला तुटणारे यंत्र म्हणजे आरसीसीबी. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. मे महिन्यात ते एकदा दाबून पाहा. वीज गेली नाही तर यंत्र बदला.

पाणी मीटर खोलीच्या उंबऱ्याला लागण्याआधी, कोरड्या पायांनी, मेन स्विच बंद करायचा. उंबरा ओलांडून पाणी आत गेले असेल तर त्या खोलीत कोणीही जायचे नाही. महावितरणला फोन करून रोहित्रावरूनच पुरवठा तोडून घ्यायचा. इन्व्हर्टर इथे हमखास घात करतो. मेन बंद केला तरी तो बॅटरीवरून घराच्या वायरिंगमध्ये २३० व्होल्ट सोडत राहतो, म्हणून तळमजल्यावरच्या प्रत्येक घरातला इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो. छतावरच्या सौर पॅनेलच्या तारांमध्येही उजेड असेपर्यंत वीज असते. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर नेऊन तिथेच बंद करा, कारण लिफ्टखालचा खड्डा सर्वांत आधी भरतो.

मग पाण्याची टाकी. जमिनीखालच्या हौदात पुराचे पाणी झाकणाच्या फटीतून शिरते. पंपाला ऑटो कंट्रोलर असेल तर वरची टाकी उतरली की तो गुमान चालू होतो आणि गटाराचे पाणी गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून प्रत्येक घराच्या नळात जाते. म्हणून आधी वरची टाकी भरून घ्या, मग कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून पंपाची वीज तोडा. एवढ्या एका कामाने पुढचे दोन दिवस प्यायचे पाणी हाताशी राहते.

गॅसचा सिलिंडर तरंगतो. रिकामा तर तरंगतोच, भरलेलासुद्धा. घरगुती टाकीची पोकळी सुमारे ३३ लिटरची, पत्र्याची जाडी धरून ती जवळपास ३५ लिटर पाणी बाजूला सारते. भरलेल्या टाकीचे वजन मात्र तीस किलोच्या आतच. तरंगताना आडवी होऊन ती रबरी नळीला हिसका देते. रेग्युलेटर काढा, टोपी बसवा आणि टाकी उभी करून ओट्याच्या पायाला दोरीने बांधा.

गाड्यांबद्दल. छोट्या मोटारीचे वजन नऊशे किलोच्या आसपास. तळ पाण्याला टेकल्यावर चढणारे दर दहा सेंटिमीटर पाणी तिला साधारण साडेपाचशे किलोने उचलते. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे फूटभराच्या थोडे वर पाणी आले की चाके रस्ता सोडू लागतात. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे नाही : सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून काढा आणि टो करून न्या. तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरायला लागल्यावर गाडी आणायला उतरणे हा तर शुद्ध वेडेपणा. दाराच्या बाहेर दोन फूट पाणी साचले तर नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या दारावर सुमारे १६० किलोचा रेटा येतो. बाहेर उघडणारे दार मग आतून उघडत नाही.

पाणी अंगावर असताना

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. गुडघाभर पाणी सेकंदाला दोन मीटरने वाहत असेल तर पायांवर तीसेक किलोचा रेटा येतो. गढूळ पाण्याखाली उघडे चेंबर असले तर तोल सावरायला दुसरी संधी नाही. जावेच लागले तर हातात काठी, पुढची जमीन चाचपत, पाय न उचलता सरकवत. पायाला मुंग्या आल्यासारखे वाटले तर पुढे पाऊल टाकू नका, आलात तसेच मागे सरका. कोणी विजेला चिकटला असेल तर हात लावायचा नाही. आधी वीज तोडायची. ते जमतच नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला सोडवायचे.

सीमाभिंतीपासून लांब राहा. भिंतीमागे एक मीटर पाणी साचले तर दर मीटर लांबीला अर्धा टन रेटा, दोन मीटर साचले तर दोन टन. त्यात भिजलेल्या मातीचे वजन वेगळेच. जून २०१९मध्ये कोंढव्यात अशीच भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जण गेले. भिंतीच्या बुडाशी पाणी निघायला ठेवलेली भोके सिमेंटने बुजलेली असतील, किंवा भिंत मध्यभागी पोटासारखी पुढे आलेली दिसत असेल, तर पावसाळ्याआधी ती अभियंत्याला दाखवावी. आणि तिच्या आडोशाला कोणी राहत असेल तर पहिल्या मोठ्या पावसातच त्यांना हलवावे.

वरच्या मजल्यावर न्यायच्या पिशवीत रोजची औषधे, चष्मा, चार्ज केलेली पॉवर बँक, विजेरी, शिट्टी आणि माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पाणी. बाकीचे ज्याचे त्याने ठरवावे. फोन ११२वर किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७वर.

पाणी ओसरल्यावर

हौद उपसून, गाळ काढून घासल्यावर पुन्हा भरा आणि हजार लिटरमागे २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचे निवळ पाणी त्यात ओता. बारा तास ठेवून सगळे सोडून द्या. ते पाणी प्यायचे नसते, टाकी धुण्याचे असते. कोंदट पोत्यात वर्षभर पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबली नाही तर ती टाकून द्यावी. दरम्यान पिण्याचे पाणी उकळूनच. चिखल काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, पायाला खरचटलेले असेल तर त्या कामाला जाऊच नका : उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरा हा जिवाणू अशाच जखमेतून शिरतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे आपणहून सांगा. भिजलेल्या वायरिंगची इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (तारांच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासणी झाल्याशिवाय मेन चालू करू नका, फ्रिज बाहेरून कितीही कोरडा दिसला तरी.

आणि भिंती धुवायला पाइप लावण्याआधी त्यांच्यावरची चिखलाची रेघ मोजून घ्या. फाटकाच्या खांबावर तेवढ्या उंचीला ऑइल पेंटने खूण करा. सोसायटीच्या वहीत तारीख, त्या वेळचा खडकवासल्याचा विसर्ग, गच्चीवरच्या डब्यातला पाऊस आणि मीटर खोलीच्या उंबऱ्याला पाणी किती वाजता लागले, हे लिहा. एकदा पाइप फिरला की ती रेघ पुन्हा दिसत नाही.