चौऱ्याऐंशी भागाकार

२,१४,७४,८३,६४७. संगणकाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांची या आकड्याशी कधी ना कधी गाठ पडलेली असते. ३२ बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) एक बिट चिन्हासाठी राखून ठेवला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. २ चा ३१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. ही मूळ संख्या आहे हे मात्र संगणकाच्या कितीतरी आधी, कागदावर सिद्ध झालं.

अशा संख्यांचा शोध युक्लिडपासून चालत आला आहे. २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिच्यावरून एक परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीजच्या आपल्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, तयार करता येते, हे त्याने दाखवलं होतं. ३ पासून ६, ७ पासून २८. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या कटाल्डीने सरळ भागाकार करत १७ आणि १९ या घातांकांपर्यंत मजल मारली. १६४४ मध्ये फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी मूळ संख्या देणाऱ्या २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. तिच्यात ३१ होता, पण सिद्धता नव्हती. शिवाय ६७ आणि २५७ चुकून आत आले होते आणि ६१, ८९, १०७ बाहेर राहिले होते. म्हणजे नुसत्या यादीवर विसंबून चालणार नव्हतं.

ही सिद्धता स्विस गणिती ऑयलरने दिली. १७७२ मध्ये गणिती बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्याने ती कळवली. या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं, तर साडेचार हजारांहून जास्त भागाकार करावे लागले असते. ऑयलरने आधी विचारलं, की हिला जिने भाग जातो अशी मूळ संख्या असलीच, तर ती कशी असेल? फर्माच्या प्रमेयावरून तिला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरायलाच हवी. ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्याच शिल्लक राहतात. ४६,३४० च्या आत त्या फक्त ८४ आहेत. पहिली ३११. भागून पाहिलं तर ३५ बाकी उरते. मग १३०३, मग १४८९. एकानेही भाग जात नाही. या संख्येविषयी मला सर्वांत जास्त मोह पडतो तो या चाळणीचा.

पुढे कित्येक दशकं हीच माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. १८११ मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी तर लिहून ठेवलं, की हिच्यावरून मिळणारी परिपूर्ण संख्या हीच शोधली जाणारी शेवटची. त्यांचं म्हणणं, या संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा पुढे कोण जाईल? १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी नवी कसोटी वापरून १२७ हा घातांक खरा ठरवला, तोही ३९ अंकी संख्येला एकेका संभाव्य विभाजकाने भागत न बसता.

आणि उपयोगही निघाला. ३१ बिटांची मर्यादा यंत्राच्या रचनेतून येते. तिथे संख्या मूळ असण्याचा संबंध नाही. यादृच्छिक, म्हणजे ठरावीक क्रम दिसू नये अशा, संख्या तयार करण्याच्या एका गाजलेल्या रीतीत मात्र सगळी मदार त्यावरच आहे. १ पासून सुरुवात करायची, दर वेळी १६,८०७ ने गुणायचं आणि २,१४,७४,८३,६४७ ने भागून बाकी ठेवायची. १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३... १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावरच १ परत येतो.