सनदी परीक्षेसाठी मवाळांचा लढा

काँग्रेसच्या सुरुवातीच्या नेत्यांवर, म्हणजे मवाळांवर, ‘अर्ज-विनंत्या करणारे’ हा शिक्का बसला तो बसलाच. पण ते काय मागत होते, हे फारसं कुणी बघत नाही. त्यांच्या मागण्यांत सर्वांत चिवट मागणी होती आयसीएसची, म्हणजे सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडइतकीच हिंदुस्थानातही घेण्याची.

1853च्या कायद्याने ही सेवा स्पर्धेसाठी खुली झाली. वर्णभेद न पाळण्याचं अभिवचन राणीच्या 1858च्या जाहीरनाम्यातही होतं. परीक्षा मात्र लंडनलाच. समुद्रपर्यटनाचा धर्मनिषेध आणि जाण्यायेण्याचा खर्च सोसूनही 1869 साली चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांतले सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्याकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर यांना वय जास्त म्हणून वगळण्यात आलं. भानगड वय मोजण्याची होती. आपल्याकडे ‘सोळावं चालू’ असलं की सोळा सांगतात. परीक्षकांनी ती सोळा पुरी धरली. सुरेंद्रनाथ कोर्टात गेले आणि दोघांनाही जागा परत मिळाल्या. सुरेंद्रनाथांना पुढे 1874मध्ये बडतर्फ केलं गेलं, तो भाग वेगळा.

मग कमाल वय 21 वरून 19 वर आलं, 1878 पासून. एकोणिसाव्या वर्षी परक्या देशात, परक्या भाषेत इंग्रज मुलांशी टक्कर द्यायची! याविरुद्ध सुरेंद्रनाथांनी देशभर दौरा केला. 1878मध्येच व्हाइसरॉय लिटन याने एका गोपनीय टिपणात कबूल केलं होतं की, हिंदी लोकांना सरळ मनाई करायची की फसवायचं, यांतला कमी सरळ मार्ग आपण निवडला आहे.

डिसेंबर 1885मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेस भरली, तेव्हा विधिमंडळांचा विस्तार, लष्करी खर्चात कपात यांच्या जोडीने हा ठरावही झाला: परीक्षा दोन्हीकडे एकाच वेळी घ्या आणि वयोमर्यादा किमान 23 करा. पुढे सनदी सेवेच्या प्रश्नावर नेमलेल्या एचिसन आयोगाने वयाचं मान्य केलं, परीक्षेचं नाही.

हा सगळा शिकलेल्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, ही टीका तेव्हाही होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण दादाभाई नौरोजींचा हिशेब निराळा होता. गोऱ्या अधिकाऱ्याचा पगार इथल्या रयतेच्या सारावसुलीतून निघे. त्याची बचत विलायतेला जाई आणि निवृत्तीनंतर पेन्शनही तिकडेच. 1897मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे तिशीतल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याला आणखी एक बाजू जोडली: पैशापेक्षा नैतिक हानी मोठी, कारण जन्मभर कनिष्ठपणाच्या हवेत राहून माणसांची उंचीच खुंटते. माझ्या मते मवाळांच्या साऱ्या कागदपत्रांत याहून धारदार युक्तिवाद सापडणं कठीण.

त्याआधी, जून 1893मध्ये, एक चमत्कार घडला होता. दादाभाई खासदार असताना ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने दोन्हीकडे परीक्षा घेण्याचा ठराव 84 विरुद्ध 76 मतांनी चक्क संमत केला. सरकारने प्रांतांची मतं मागवली. मद्रास वगळता सर्वांनी विरोध केला आणि ठराव बासनात गेला.

हिंदुस्थानात पहिली परीक्षा झाली 1922मध्ये, अलाहाबादला. तोवर गोखले आणि दादाभाई दोघेही गेले होते, सुभाषचंद्र बोसांनी आदल्याच वर्षी याच सेवेचा राजीनामा दिला होता, आणि बडतर्फ झालेले सुरेंद्रनाथ बंगालच्या सरकारात मंत्री होते.